मोहाखाली बसवलेली बाई

१० मार्च

पहिले आली ती शेवंता. गाडी तं मागून आली. आमच्या बाजूची शेवंता, तिले कोनाच्या घरी कोन येते हे त्या घरच्याइच्या आधी कळते. हातात अर्धी निवडलेली भाजी तशीच घेऊन आली. म्हने मामी, नाल्यावर पांढरी गाडी उभी आहे, समोर बाईमानूस बसून आहे, तुमच्या पोरीचं नाव विचारून राह्यले. मी म्हनलं, मंग चहा ठेव, उभी काऊन आहेस.

दोघं आले. एक मानकर मॅडम, नागपूरच्या, केस बारीक कापलेले, पायात पोट्ट्याइसारखे जोडे. दुसरे दाढीवाले सर. त्याइनं नाव सांगतलं, पन मले ते तोंडात धरता आलं नाई, मी सरच म्हनते. दोघंही शिल्पं घडवते. देवाची नाई, बागेत, रस्त्याच्या कडेले, उन्हापावसात उभी राह्यतात तशी. मॅडमनं कुठंतरी लोखंडाचा मोठा पक्षी केला म्हने, आन लोकं त्याच्या पंखाखाली बशीची वाट पाह्यते. मले लय आवडलं ते. म्हनलं, आमच्या फाट्यावर बी बसवा एक, तिथी सावलीच नाई.

वावरात नेलं त्याइले. प्र. पुढं पुढं. (प्र. म्हंजे प्रणाली, मायी नात. पूर्ण नाव लिवता लिवता चहा थंडा होते.) वावराच्या टोकाले, जिथून जंगल लागते, तिथी मोहाच्या झाडाखाली तिची बाई आहे. काळ्या दगडाची. मोहफुलं वेचाले वाकलेली. डोक्यावरून पदर, तोंड जमिनीकडं. उठून उभी राह्यली तं आमच्या घराच्या आढ्याले लागंन एवढी. हात आन टोपलं लोखंडाचं. टोपलं तिनं सळ्या तापवून तापवून इनलं, बांबूचं इनते तसं. तीन-चार वेळा हात भाजला. वर्षभर आमी ग्राइंडरचा आवाज आयकला, म्हशीनं दूध कमी केलं होतं त्या आवाजानं.

मॅडमनं बाईभोवती चक्कर मारली. मंग मातीत बसल्या, मान वाकडी करून बाईचं तोंड पाह्यलं. उठल्या, हाताची माती तशीच. सर पाठीवरून हात फिरवून राह्यले होते, बैलाची पाठ पाह्यतात तसे. मंग मॅडम म्हनाल्या, "प्रणाली, ही चंद्रपूरच्या नव्या बागेत जाईल. पाडवा झाला की क्रेन पाठवतो."

काय लिवू आता. सरले दोनदा चहा पाजला, त्याइनं दोनदा पेला. गाडी गेल्यावर प्र. गोठ्यात जाऊन रडली. मी गेली नाई मांगं. रडू द्यावं अशा वेळी.

११ मार्च

काल लिवाचं राह्यलं. ती बाई म्हंजे मायी सून, लीला. प्र.ची माय. मोहाच्या दिवसात सकाळी गेली, नाल्यापलीकडं, आन वाघानं नेलं. आज एकदा लिवते हे नाव, तोंडानं आमी या दिवसात घेत नाई, 'तो' म्हनतो. वाकलेलं मानूस त्याले मानूस वाटत नाई म्हनते. ढोर वाटते. प्र. तवा नागपूरले शिकत होती, दगडाचं आन लोखंडाचं. आली तवा मायचं तोंड पाहाले मिळालं नाई. आमीच पाहू दिलं नाई.

लहानपनी मार्कंड्याच्या जत्रेले नेलं होतं तिले, तं देवळाच्या भिंतीवरच्या बायांच्या पायाले हात लावत फिरली होती. खेळनं नाई मांगतलं, पिपानी नाई. मले म्हने आजी, हिची टाच पाय, दुखत असंन. मी तवाच वळखलं, ही पोट्टी काई सरळ नाई चालनार.

आता खरी गोष्ट. दिवाकर, माया पोरगा, प्र.चा बाप, तो वाईट नाई. पन बायको गेल्यापासून पोरीले जंगलाजवळ पाह्यलं की त्याच्या जीवात जीव राह्यत नाई. त्याले ती दूर पाह्यजे, कोनाच्या पक्क्या घरात. ब्रह्मपुरीचं स्थळ आलं आहे. अक्षयतृतीयेपर्यंत हो-नाई सांगा म्हनते. याच्या आधी प्र.ची शिल्पं दोन जागी नाकारली. ही तिसरी. बाई बागेत लागली तं मॅडम तिले आपल्या शेडमधी घेनार, मोठ्या मोठ्या कामावर. नाई लागली तं ब्रह्मपुरी. दि.नं तसं कबूल करून घेतलं आन तिनं केलं. त्या घरी ग्राइंडर कोन ठेवून घेनार आहे?

पन आता लागलीच ना. मी कायले भेऊ.

१५ मार्च

प्र. चंद्रपूरले गेली बागेतली जागा पाहाले. घरात मी एकटी. होळीची राख अजून आंगनात. बसल्या बसल्या मनात आलं, बाई जानार आन आपन तिचं काईच केलं नाई. ट्रॅक्टर आला तवा नारळ फोडलं. मोटर बसली तवा हळदकुंकू लावलं. शेवंताच्या घरी टीवी आला तं त्याले बी हार घातला होता, तो टीवी आठ दिवसात बिघडला ती गोष्ट वेगळी. मंग पोरीनं इतकं राबून उभं केलं त्याले काऊन नाई?

हळद, कुंकू, नारळ घेतलं. वाटेत सोमाभाऊ भेटले. सोमाभाऊ आमच्या गावचे भुमक, गावदेवाचं सगळं तेच करते. त्याइले म्हनलं, चला, तुमच्या हातानं फोडा. त्याइच्या पिशवीत तेल-शेंदूर राह्यतेच. त्याइनं नारळ फोडलं, बाईच्या पाठीवर शेंदराचा पट्टा वढला, गोंडीत काई म्हनलं, लीलाचं नाव घेतलं. मले आयकून बरं वाटलं. गोड झालं सगळं. खोबरं वाटलं मी घरोघरी.

संध्याकाळी प्र. आली. बाईजवळ जाऊन उभी राह्यली. मले वाटलं आता रागावते. म्हने, "आजी, तू काय केलं वं हे."

मी म्हनलं, का झालं, शिल्पाले कुंकू चालत नाई का?

हसली मंग. ओल्या फडक्यानं पुसाले गेली, पन तेल दगडात मुरलं. निघालं नाई. मॅडमले फोन केला. मॅडम म्हनाल्या घासू नको, राहू दे, तो बी आता कामाचा भाग. प्र.ले बरं वाटलं. मले बी.

२० मार्च

मोह पडून राह्यला. सगळं गाव वासानं भरलं. पहाटे बाया टोपले घेऊन आमच्या वावरातून जाते, जंगलाची वाट तिथूनच आहे. शेवंतानं सुरू केलं. जाताना बाईच्या पाठीले हात लावला, येताना आपल्या टोपल्यातली मूठभर फुलं लोखंडाच्या टोपल्यात टाकली. म्हने लीलाबाईचा वाटा. दुसऱ्या दिवशी सगळ्याच टाकाले लागल्या. वर झाडाची बी पडते त्याच टोपल्यात. भरून राह्यलं.

मी प्र.ले म्हनलं, पाय, तुया टोपल्यात फूल ठरते, सांडत नाई, किती बारीक इनलं तू. ती त्या बायांकडं पाहून राह्यली होती, आन तिच्या कपाळाले आठी होती.

काऊन, ते मले समजलं नाई.

२४ मार्च

आज तो आला होता.

शेवंता आमच्या मोहाखाली, बाईच्या बाजूलेच वाकून वेचत होती. मान वर केली तं नाल्याच्या त्या काठाले तो बसून. शेवंता सांगते, ती वाकलेलीच राह्यली. तो तिच्याकडं नाई, बाईकडं पाहून राह्यला. एवढी मोठी वाकलेली काळी बाई, हालत नाई, भेत नाई. लय वेळ पाह्यलं त्यानं. मंग उठला आन मांगं वळून गेला. शेवंता रांगत रांगत आमच्या आंगनापर्यंत आली. नेहमी दहा गोष्टी सांगनारी बाई, आज एकच गोष्ट दहा वेळा सांगून राह्यली. लुगडं ओलं झालं होतं, मी आपलं दिलं.

प्र. म्हने, त्याले रंगाचा न् ग्रीसचा वास आला असंन. असंन. पन ते गावाले कोन सांगनार. दुपारपर्यंत बाईसमोर अगरबत्त्या. सोमाभाऊनं कोंबडा दिला. तो मांगून येते म्हनून जंगलखात्यानं मानेमांगं घालाले मुखोटे दिले होते, ते बायांनी घरी टांगून ठेवले. म्हनते आता काय कामाचे.

२६ मार्च

नाल्याच्या खालच्या गावची एक बाई काल गेली. तशीच, मोह वेचताना. दोन लहान लेकरं आहे म्हने.

आमच्या गावात आज कोनी बोललं नाई मोठ्यानं. पान्यावर सगळ्या एकच म्हनून राह्यल्या, त्याइच्याकडं बाई नाई ना.

घरी येऊन चूल पेटवली आन भात टाकाचं इसरली, नुसतं पानी उकळत होतं.

२८ मार्च

सगळे आमच्या आंगनात जमले. क्रेन येनार हे शेवंतानंच सांगून ठेवलं होतं, तवा आनंदानं सांगतलं होतं तिनं, आता तेच आंगावर आलं.

बाया म्हने, बाई जानार नाई. मोह झाला की तेंदूपत्ता आहे, बिडीची पानं तोडाची, मंग बी वाकाच लागते. सोमाभाऊ म्हने, शेंदूर लागला, नारळ फुटलं, कोंबडा दिला, आता ती बसली. बसलेल्या देवाले विचारल्याबिगर हालवता येत नाई, हालवलं तं गावावर येते. दि. भिंतीले टेकून उभा. त्याच्या मनात काय चाललं मले माहीत आहे. बाई गेली नाई तं पोरगी ब्रह्मपुरीले जाईन, जंगलापासून दूर. पन बाई इथीच राह्यली तं लीला बी इथीच, डोयासमोर.

प्र. मधात उभी राह्यली. म्हने, "ती देव नाई. ती मायी माय आहे. मी घडवली."

शेवंता उठली. मले वाटलं भांडते. हळूच बोल्ली, "बाई, तुया मायले त्या दिवशी आमीच आनलं जंगलातून. माया लुगड्यात. ती का नुसती तुयी होती?"

प्र. खाली बसली. शेवंता बी तिच्या बाजूले बसली. दोघी रडल्या, पन वेगवेगळ्या.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, कारन उभारा लागते. कडुनिंब खाल्ला, आज तो कडू बी लागला नाई.

प्र. काल जेवली नाई. आज पुरी घेतली अर्धी. बाया सकाळी आल्या होत्या, समजुतीचं बोलाले. म्हने पोरी, तू एवढी हुशार, शहरासाठी दुसरी कर. चांगली नवीकोरी, बिनशेंदराची. त्याइच्या मनात काई कपट नाई. त्याइले वाटते घडा फुटला तं कुंभार दुसरा करते. प्र. त्याइले हो म्हनली नाई, नाई म्हनली नाई.

मंग मले सांगतलं, भांडे घासता घासता. "आजी, मीच गावाले म्हननार होती, तुमच्यासाठी दुसरी करते. तोंडापर्यंत आलं होतं. मंग वाटलं, मले तिले दुसऱ्यांदा नाई वाकवता येत."

मी भांडं धरून बसली. पोरगी एकेक छन्नी मारत होती तवा काय मारत होती, ते आज समजलं. मी बाहेर बसून शेवंतासंग हसत होती आवाजाले.

१ एप्रिल

सगळं गुमसुम झालं. मॅडमचा फोन, क्रेन शनिवारी. प्र.नं त्याइले अजून काई सांगतलं नाई. सांगू कशी म्हने, आजी, त्याइले वाटंन मी गावठी. मी म्हनलं, गावठी तं आहेसच. थोडी हसली. तेवढंच.

दि. जेवताना म्हने, ब्रह्मपुरीवाले फोन करून राह्यले. प्र. म्हने, तारीख संपली नाई बाबा अजून. त्यानं वाटीतली डाळ तिच्या ताटात टाकली. अशी मानसं आहे आमच्या घरी. मायेनं जीव घेनारी.

३ एप्रिल

सोमाभाऊकडं गेली मी. म्हनलं भाऊ, काई वाट काढा. तुमी विचारा बाईले, दाने पाहा. आमच्याकडं असंच विचारते: देवासमोर तांदूळ ठेवाचे, चिमूट उचलाची, दोन दोन करून जोड्या लावाच्या. सगळ्या जोड्या लागल्या तं देव हो म्हनते. एक दाना एकटा राह्यला तं नाई.

सोमाभाऊ म्हने, "मी नाई विचारू शकत बाई. मी नुसता शेंदूर लावला. बोलावलं तुमी. ज्यानं बसवलं त्यानंच उठवाले विचारावं."

मी घरी कशी आली ते मले आठवत नाई. उन्हात चप्पल त्याइच्या आंगनातच राह्यली, पाय भाजले तवा समजलं.

घरी सांगतलं. प्र. मायाकडं पाहत राह्यली. तिनं मले दोष दिला नाई. दिला असता तं बरं झालं असतं. म्हने, "विचार आजी. जे निघंन ते मले चालंन."

शेवंता बी आली नंतर. ती बी तेच म्हने, मामी, जे निघंन ते चालंन. आन मायी बोटं आपल्या हातात घेऊन बसली. लहान लेकरासारखी. तिची सून तेंदूपत्त्याले जानार आहे, पोटुशी आहे, चौथा महिना.

ज्याले त्याले चालते. मलेच नाई चालत.

५ एप्रिल

क्रेन आली. पिवळी, मोठी, वावराचा धुरा, बांधच तो, मोडून आत आली. बाया आधीच बाईभोवती बसल्या होत्या, तेंदूपत्त्याच्या फडावर बसते तशा, मांडीले मांडी लावून. कोनी वरडलं नाई. क्रेनवाला खाली उतरून बिडी पेत बसला, त्याले कोनीतरी पानी दिलं.

मॅडम आन सर मांगून आले. मॅडमनं बाईची पाठ पाह्यली, शेंदूर आता पार कमरेपर्यंत आला. टोपलं पाह्यलं, काठोकाठ मोह, वरचा ताजा, खालचा सुकलेला, आंबूस वास. सर म्हनाले, आपन एवढी वर्षं शिल्पं उभी करतो, लोक त्याच्यावर नाव कोरते, पानाची पिचकारी मारते. कोनी हे केलं नाई. मंग हळूच प्र.ले सांगतलं, मी बाजूलेच होती: बागेचा ओटा तयार आहे, रिकामा ठेवता येनार नाई, दुसऱ्या एकाचं काम तयार आहे.

मॅडम प्र.ले घेऊन धुऱ्याच्या पलीकडं गेल्या. लय वेळ बोलल्या. "तुला काय पाहिजे, ते सांग," एवढं आयकू आलं. प्र. काय बोल्ली ते वाऱ्यानं नेलं. येताना तिचं तोंड कोरडं होतं.

मंग मॅडम मायाजवळ येऊन बसल्या. त्याइले कोनीतरी दान्याचं सांगतलं होतं. म्हनाल्या, "आजी, तुमच्यावर फार आलं हो."

त्याइले मी सांगतलं. दुसऱ्या कोनाले सांगता नाई आलं, परक्या बाईले सांगतलं. सारी उमर मी तांदूळ निवडले. चिमटीत किती दाने आले ते मले न मोजता कळते, बोटालेच कळते. जोडी पूरी आहे का एक उरते, उचलतानाच समजते. मी विचारलं तं देव बोलनार नाई मॅडम, मीच बोलंन. आन मी पोरीकडून बोलू का शेवंताच्या सुनेकडून?

मॅडमनं माया हात धरला. शिकलेल्या मानसाकडं बी याचं उत्तर नाई, मले वाटलं होतं असंन.

क्रेन परत गेली. बायांनी रस्ता दिला, शेवंतानं धुऱ्याची माती सारली तिच्या चाकासमोरून. प्र. बाईजवळ उभी आहे, इथून दिसते. दि. बी तिथी गेला आज, पहिल्यांदाच.

तांदळाची वाटी भरून ठेवली आहे, झाकून, चिमूट अजून उचलली नाई. सरनं बागवाल्याइले फोन करून थांबवलं, दोन दिवस. जाताना मॅडम म्हनाल्या, सोमवारी येतो. क्रेन आनायची का नाई ते तुम्ही कळवा, पन आम्ही येतो.

सोमवारी.